पांढऱ्या चादरीची डावी बाजू

१ सप्टेंबर, सोमवार

पतंगमोजणीच्या तपासनीस बाईंनी यंदा नवीनच टूम काढली आहे. नुसती नावं आणि आकडे चालणार नाहीत म्हणे. चादरीवर चोवीस घरं पाडायची, कुठल्या घरात किती पतंग बसले ते छापील तक्त्यावर ठिपक्यांनी दाखवायचं, आणि दर मोजणीला अख्ख्या चादरीचा फोटो काढायचा. नऊ वर्षं मी बागेत दिवा लावून त्यावर येणारे पतंग, रात्रीची पाखरं, ओळखतोय, कोणी कधी घरं मागितली नव्हती. बाईंनी असंही लिहिलंय की मनात येईल ते कुठेतरी टिपून ठेवा. म्हणून ही वही. ही त्यांच्याकडे जायची नाही.

चादर हॉस्पिटलच्या धोबीखान्यातली, बाद झालेली. आमची ही तिथे कामाला आहे. तिनंच आणली आणि निळ्या दोऱ्यानं घरं शिवून दिली. डावीकडून अ ते फ अशा सहा पट्ट्या, प्रत्येकीत वरून खाली चार घरं. दोरीवर टांगली, समोर दिवा ठेवला, नऊ वाजता मोजलं. सतरा पतंग. सगळे नेहमीचेच भिडू.

बाई म्हणतात एकेक घर बघत जा. मला कशाला लागतंय ते? एकतीस वर्षं शाळेची बस चालवतोय. समोर बघायचं, कडेचं आपोआप दिसतं, हा आपला मंत्र. चादरीच्या मध्यावर नजर लावली की सगळी चादर एका दमात वाचून होते. इतक्या वर्षांत एका पोराला खरचटलं नाही, तिथे पतंग काय चीज आहे.

शनिवारी सकाळी डोकं फुटायची वेळ आली होती. कप हातातून सुटला, अर्धा तास काही सुचेना. मग आपसूक बरं वाटलं. ही डॉक्टर डॉक्टर करत मागे लागली होती, आता तिनंही तो विषय सोडलाय. नऊ वर्षांत मला एकच पतंग दिसायचा राहिलाय, चंद्रपतंग. फिकट हिरवा, तळहाताएवढा, मागे दोन लांब शेपट्या. यंदा तो आला पाहिजे, मग बाकीचे नाही आले तरी चालेल.

३ सप्टेंबर, बुधवार

गंमत आहे. तीन रात्री झाल्या, अ आणि ब पट्टीत एकही ठिपका नाही. क मध्येही जेमतेम. सगळी गर्दी उजवीकडे. दिवा सरकवून पाहिला, चादर ताणून पाहिली, वारा कुठून येतो तेही बघितलं. नाचता येईना अंगण वाकडं असं नको व्हायला, म्हणून दिव्याची काचसुद्धा पुसली. फरक शून्य.

मोजत असताना कानाशी आवाज आला, "किती झाले?" मी जागच्या जागी उडालो. ही डाव्या हाताला उभी. म्हटलं, "अगं, मांजरीसारखी काय येतेस!" तर म्हणते, "अहो, मी केव्हाची उभी आहे. तुमच्या समोरूनच तर आले." माझ्या समोरून म्हणे.

५ सप्टेंबर, शुक्रवार

आज लिहायला बसलोय ते दार आतून लावून.

पतंग का बसत नाहीत याचा विचार करत होतो. जिथे काही हलतं तिथे पतंग बसत नाही, हे नऊ वर्षांचं निरीक्षण. मांजर फिरलं तरी ती बाजू मोकळी होते. मग डावीकडे रोज रात्री काय हलतंय? तिकडे कुंपणाची झुडपं, त्यापलीकडे बंद पडलेला रस्ता. साडेनऊला तिकडून पाचोळा वाजला. सावकाश, पाय जपून टाकावा तसा. मी हललो नाही. दिवा माझ्या पुढ्यात, म्हणजे मी उजेडात आणि तो अंधारात. त्याला मी पूर्ण दिसतोय आणि मला तो नाही, हे डोक्यात आलं. मग टॉर्च तिकडे मारली. झुडपं, कचऱ्याचा डबा, बाकी काही नाही. मी बघितलं की नसतं, आणि वळलो की असतं.

हिला सांगितलं नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणून मोकळी होईल.

दिवसाही डोक्याला ताप कमी नाही. बसमधल्या मावशींनी नवीन खूळ काढलंय. पोरांना चढवून-उतरवून घ्यायचं काम त्यांचं. चार वर्षं निमूट करत होत्या. आता डाव्या दाराच्या पायरीवर उभ्या राहून पत्र्यावर थापा मारतात आणि ओरडतात, "दादा, सायकल! दादा, थांबा, पोरगं आहे!" मला दिसत नाही का? उंटावरून शेळ्या हाकणं नुसतं.

८ सप्टेंबर, सोमवार

त्यानं मला हात लावला.

दहाची मोजणी करून घराकडे वळलो आणि डाव्या खांद्यावर असा धक्का बसला की मी गुडघ्यावर आलो. ओरडलो. ही धावत आली. तोवर कोणी नाही. ही म्हणते, "फाटकाच्या खांबाला धडकलात." पंचवीस वर्षं त्या खांबाशेजारून जातोय मी, तो काय आज उगवला? खांदा काळानिळा झालाय. हिनं शेक दिला, बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत बसली आणि म्हणाली, "डोळे दाखवून घ्या हो एकदा." चष्मा मागच्याच वर्षी बदललाय. मी लांबची पाटी वाचून दाखवली, खडाखडा. 

फाटकाला नवीन कुलूप आणलं. आता मोजायला जातो ते उजव्या हातात काठी घेऊन. ठिपके डाव्या हातानं काढतो, वेडेवाकडे येतात.

१० सप्टेंबर, बुधवार

 अक्षर लागणार नाही मलाच.

दुपारी पाण्याच्या टाकीजवळच्या थांब्यावर चार मुलं उतरली. मी समोर बघितलं, रस्ता मोकळा. गिअर टाकला, ब्रेक सोडला. आणि मावशी किंचाळल्या. साधं ओरडणं नाही ते. पत्र्यावर दोन्ही हात आपटत होत्या. मी करकचून ब्रेक मारला, मागे पोरं एकमेकांवर पडली. पुढच्या डाव्या चाकाशी दुसरीतली दोन वेण्यांची मुलगी वाकून बुटाची नाडी बांधत होती. चाक आणि तिचं दप्तर, मध्ये वीतभर जागा नव्हती. तिनं नाडी पूर्ण बांधली आणि आम्हाला टाटा करून गेली.

तिथे कोणी नव्हतं. मी शपथेवर सांगतो, तिथे कोणी नव्हतं. मावशींनीच पोरीला बसला चिकटून सोडलं, हात धरून पलीकडे नेलं नाही. हे त्यांचं काम नाही तर कोणाचं? मी त्यांना वाटेल ते बोललो, पोरांदेखत. त्या उत्तर देतील असं वाटलं होतं. त्या पडलेल्या पोरांना उठवायला मागे वळल्या.

रात्री मोजणीला मन नव्हतं. तरी काठी घेऊन उभा राहिलो. नऊला अकरा, दहाला तेरा. अ, ब, क रिकाम्या. फोटो काढले आणि आत आलो.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

शाळेच्या मोठ्या बाईंना काल सगळं लेखी दिलं. आज त्यांनी बोलावलं. म्हणाल्या, "तुमच्या एकतीस वर्षांवर आमचा विश्वास आहे." मावशींना सोमवारपासून यायचं नाही म्हणून सांगितलं.

मावशी निघताना माझ्याजवळ आल्या. मला वाटलं आता शिव्या घालणार. "दादा, नवीन बाईला दारात उभं राहायला सांगा," एवढंच म्हणाल्या, "बसू देऊ नका." हिला रात्री सांगितलं तर जेवता जेवता थांबली. "त्यांनीच तर पोरीला वाचवलं ना?" म्हणाली. सगळ्यांना उलटंच दिसतं. मी उठून बागेत गेलो.

१६ सप्टेंबर, मंगळवार

नवीन बाई शांत आहे. पोरं चढली की सीटवर बसते, खिडकीबाहेर बघते. थापा नाहीत, आरडाओरडा नाही. बस चालवताना असं स्वस्थ कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

डाव्या आरशाची काच तडकली आहे. कोणीतरी उभ्या गाडीला घासून गेलं असणार. रात्रीचा तो आता दिवसाही माझ्या मागावर आहे की काय, असं एकदा मनात आलं. वेड्यासारखं वाटलं, पण आलं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आज मी अक्कल चालवली. चादर दोरीवरून काढली आणि घराच्या कोपऱ्यात अशी लावली की तिची डावी कड भिंतीला चिकटली. विटांची भिंत आहे. तिथे माणूस सोडा, उंदीर उभा राहायला जागा नाही. म्हटलं, ये आता कुठे येतोस ते.

नऊ वाजता मोजलं. फोटो काढला, मग मधल्या घरावर नजर. ड, इ, फ भरलेल्या. चौदा, पंधरा. डावीकडे काही नाही. पांढरी चादर आणि निळा दोरा.

तिथे कोणी उभं राहू शकत नाही आणि तरी तिथे पतंग बसत नाही. मी किती वेळ तसाच उभा होतो कळलं नाही.  बागेत कोणी असेल तर काठी आहे, कुलूप आहे, पोलीस आहेत. पण हे चादरीबरोबर फिरतंय. उद्या चादर घरात लावली तर घरात येईल. दिवा विझवायचंही धाडस झालं नाही, तसाच जळता ठेवून आत पळालो. अठ्ठावन्न वर्षांचा बाप्या मी. हिच्या पांघरुणात तोंड खुपसून झोपलो.

२१ सप्टेंबर, रविवार

तपासनीस बाई तिसऱ्या रविवारी सगळ्यांचे फोटो तपासतात. सकाळी त्यांचा निरोप आला. तो जसाच्या तसा उतरवतो.

"सर्वप्रथम अभिनंदन! दहा तारखेचा चंद्रपतंग अप्रतिम. रात्री नऊच्या आणि दहाच्या, दोन्ही फोटोंत अ पट्टीच्या तिसऱ्या घरात बसला आहे. यंदाची ही पहिलीच नोंद. पण तुमच्या तक्त्यात तो नाही, आणि एकूणच अ, ब, क पट्ट्या जवळपास रोज रिकाम्या आहेत. फोटोत मात्र तिथे भरपूर पतंग दिसतात. अठरा तारखेला तुम्ही पंधरा लिहिलेत, मी चौतीस मोजले. तक्ता भरताना काही गोंधळ होतोय का?"

आधी हसलो. म्हटलं, बाईंनी भलत्याच कोणाचा फोटो उघडला. दहा तारखेचा नऊचा फोटो उघडला, हात लांब करून मध्यावर नजर लावली. उजवीकडे माझे अकरा. डावीकडे काही नाही. मग अ-३ म्हणजे कुठे ते शोधायला बोट ठेवत ठेवत मुद्दाम डावीकडे गेलो.

तो तिथे होता. फिकट हिरवा, दोन शेपट्यांचा, चादरीवरचा सगळ्यात मोठा. मी नऊ वर्षं ज्याची वाट बघितली तो दोन पावलांवर तासभर बसला होता आणि मी त्याच्याच जागी रिकामं घर लिहून आलो.

मग मी फोन उलटा धरला. खालचं वर. पुन्हा मध्यावर नजर. आता चंद्रपतंग उजवीकडे आला, झटकन दिसला, शेपट्यांसकट. पण माझे अकरा, मी स्वतः मोजलेले अकरा, गेले. फोन सुलट केला. अकरा आले, तो गेला. उलटा केला. तो आला, ते गेले. किती वेळा केलं ते आठवत नाही. शेवटी फोन टेबलावर पालथा घातला.

बागेत कोणी नाही. कधीच नव्हतं.

आणि दहा तारीख. ती मुलगी त्याच दुपारची. तिथे कोणी नव्हतं असं मी शपथेवर लिहून दिलंय.

२२ सप्टेंबर, सोमवार

हे लिहिताना लाज वाटते, पण खोटं लिहायचं तर वही कशाला. आज सकाळी मी बस काढली.

रात्रभर स्वतःला समजावलं होतं. माहीत झालंय ना आता? मग मान वळवायची. दर थांब्यावर पूर्ण डावीकडे वळून बघायचं, दोनदा बघायचं. दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला, निभेल. बस नाही तर मी कोण? घरात बसून हिच्या मागे मागे फिरणारा म्हातारा. पहिला थांबा, मान वळवली, ठीक. दुसरा, ठीक. तिसऱ्या थांब्यावर मुलं चढली, नवीन बाई सीटवर बसली, मी समोर बघितलं, मोकळं. मान वळवली, मोकळं. पुन्हा समोर बघितलं. आणि मनात आलं, आत्ता या क्षणाला डावीकडे काय आहे? पुन्हा वळलो. एक मुलगा दाराला हात लावून उभा होता. उशिरा धावत आलेला, धापा टाकत. तो चढला.

त्यानंतर ब्रेकवरचा पाय उचलेना. डावीकडे बघितलं की समोरचं सुटायचं, समोर बघितलं की डावीकडे काहीही असू शकत होतं. एखादं पोर, दहा पोरं. मागे अडतीस मुलं बसलेली. "काका, चला ना! काका, घंटा होईल!" मी इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि नवीन बाईला म्हटलं, शाळेत फोन कर, दुसरा ड्रायव्हर मागव. ती म्हणाली, "बरं नाही का?" मी म्हटलं, "मला दिसत नाही." मोठ्यांदा निघालं तोंडातून. 

दुपारी मोठ्या बाईंसमोर तक्ते आणि फोटो ठेवले. किल्ली ठेवली. मावशींविरुद्धचा माझा कागद खोटा आहे असं दुसऱ्या कागदावर लिहून दिलं. त्यांना समजावायला बराच वेळ लागला. समजलं तेव्हा त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि पाण्याचा ग्लास त्यांनी मला न देता स्वतःच पिऊन टाकला.

२३ सप्टेंबर, मंगळवार

ही रजा टाकून बरोबर आली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे तपासले आणि दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलं, डोक्याच्या. डोळे ठणठणीत आहेत. डोळ्यांनी पाहिलेलं डोक्यात मागे जिथे पोहोचतं, तिथला थोडा भाग रक्त न मिळाल्यानं गेलाय. बहुधा त्या शनिवारच्या सकाळीच.

मी विचारलं, "मग तिथे मला काळं का नाही दिसत? काळं दिसलं असतं तर मला कळलं असतं."

डॉक्टर म्हणाले, "तुमच्या डोक्याच्या मागे तुम्हाला काळं दिसतं का? नाही ना. तिथे काहीच दिसत नाही. तसंच."

बस आता कायमची बंद. खरं कारण सापडल्यावर भीती जाईल असं वाटलं होतं. उलट वाढली आहे. आधी मी एका चोराला भीत होतो. आता डोळे मिटले की थांबे दिसतात, एकेक, आणि प्रत्येक थांब्याची डावी बाजू. शाळेचे सोळा दिवस, सकाळ-दुपार. ही म्हणते, "कोणाला काही झालं नाही ना? मग झालं तर." त्यातले शेवटचे सहा दिवस मावशीही नव्हत्या. हे तिला सांगितल्यावर ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली.

२४ सप्टेंबर, बुधवार

मावशींच्या घरी गेलो. ही फाटकापर्यंत पोचवून मागे थांबली. म्हणाली, हे तुमचं तुम्ही करा.

एका खोलीचं घर. त्या लोकांचे कपडे इस्त्री करत होत्या. मला बघून इस्त्री उभी ठेवली, टेबलापलीकडे माझ्या समोर स्टुलावर बसल्या. मी सगळं सांगितलं. पतंग, चादर, फोटो, डॉक्टर. शाळेचं पत्र पुढे केलं, उद्यापासून या म्हणून. म्हटलं, "मी तुमच्या पोटावर पाय दिला. माफी मागायलाही तोंड नाही मला."

पत्र त्यांनी उघडलं नाही. म्हणाल्या, "मला माहीत होतं."

"काय?"

"डावीकडचं दिसत नाही ते. पहिल्याच आठवड्यात कळलं. शाळेच्या फाटकाला आरसा घासला आणि तुम्ही म्हणालात, फाटक कोणी हलवलं? मी हसले होते. दुसऱ्या दिवशी एक सायकलवाला जेमतेम वाचला, तेव्हापासून हसू आलं नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"कोणाला? तुम्हाला? तुम्ही मला मंत्र म्हणून दाखवला असता, समोर बघायचं, कडेचं आपोआप दिसतं. मोठ्या बाईंना? एकतीस वर्षांपुढे माझी चार वर्षं. म्हटलं दोन वर्षांचा प्रश्न आहे, माणूस चांगला आहे, मी उभी राहते दारात डोळ्यांत तेल घालून." त्यांचा आवाज चढला. "चुकलं माझं! तुमची लाज राखायला गेले आणि पोरं पणाला लावली. तुम्हाला तर दिसतच नव्हतं. मला दिसत होतं, दादा. मला सगळं दिसत होतं."

त्या रडतील असं वाटलं, पण रडल्या नाहीत. मला मात्र आवरेना. जरा वेळानं मी जे विचारायला गेलो होतो ते विचारलं.

"त्या मुलीसारखं, म्हणजे अगदी चाकाशी, अजून कितीदा झालं?"

"कशाला विचारता? झालं ते झालं."

"सांगा, मावशी. मला कळलं पाहिजे."

त्यांनी बोलण्याऐवजी हात वर केला. पाच बोटं.  दोन आठवड्यांत पाच.

"पाच वेळा?" मी म्हटलं.

"मान वळवा," त्या म्हणाल्या.

मी डावीकडे मान वळवली. त्यांचा दुसरा हातही वर होता, आणि त्याचीही पाची बोटं उघडी होती.